मनकर्णाबाईंची सून

‘तुम्ही मनकर्णाबाईंच्या सूनबाई ना?’ असं त्या बाईंनी विचारलं तेव्हा करुणाचे दोन्ही हात त्यांच्या कानांमागे होते. नव्या चष्म्याची काडी उजव्या कानाला काचत होती. ती तिनं गरम करून किंचित वाकवून आणली होती आणि आता नीट बसते का ते बोटांनी चाचपत होती. बोटं होती तिथेच थांबली. पैठण गेटजवळच्या या दुकानात उभी राहून तिला बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांनी तिला काय काय विचारलं होतं. हा रंग शोभतो का, भाव कमी होईल का, काच फुटली तर बदलून मिळेल का. तू कोणाची, एवढंच कुणी विचारलं नव्हतं. ‘हो,’ ती म्हणाली, ‘तुम्ही?’

‘मी वच्छलाबाई. तुमच्या मागल्या गल्लीत, शेवटचं घर. तुम्ही नाय वळखणार मला. मनकर्णाबाई म्हणल्या, चष्मा करायचा तर आमच्या करुणाकडंच जा. तिचा हात लई हलका हाय.’

तो हलका हात काडीवर नको तेवढा दाबला गेला आणि वच्छलाबाईंनी मान मागे घेतली. करुणानं माफी मागितली, मऊ कापडानं काचा पुन्हा पुसल्या, आरसा पुढे केला. वच्छलाबाई आरशात स्वतःला न्याहाळत सहज म्हणाल्या, ‘त्यांनी समदं सांगितलंय आम्हाला.’ समदं म्हणजे काय, हे विचारायची करुणाची छाती झाली नाही. तिनं डबी दिली, पावती दिली, हसली. बाई पायऱ्या उतरून रिक्षांच्या गर्दीत दिसेनाशा झाल्या तरी ती काउंटरचा कोपरा धरून उभी होती. आता इथेही, असं तिच्या मनात आलं. घर घेतलं, दार घेतलं, ओटा घेतला, माझी पोरगीसुद्धा घेतली. आता म्हातारी इथेही आली.

या शहरात राहण्यासारखं काय आहे, असा विषय पानटपरीवर निघाला की लोक शहराला शिव्याच घालतात. पाणी आठवड्याला, रस्त्यात खड्डे, उन्हाळ्यात भट्टी. करुणाला कुणी विचारलं असतं, आणि तिला खरं सांगायचं धाडस झालं असतं, तर ती म्हणाली असती, कान. परक्या माणसांचे कान. छावणीतला ताठ मानेचा सुभेदार, गुलमंडीवरच्या कापडवाल्याची बायको, शहागंजचे अत्तर लावलेले मौलाना, कॉलेजच्या पोरी, बिल्डर, सगळे तिच्यासमोर स्टुलावर बसतात, केस बाजूला करतात, टोपी काढतात, डोळे मिटतात आणि आपला चेहरा तिच्या हातात देतात. ही बोटं कोणत्या घरातली हे विचारायचं कुणाला सुचत नाही. कन्नडच्या पलीकडच्या तिच्या माहेरगावात कासार यायचा तेव्हा आईला बांगड्या भरत नसे. आईच्या मापाच्या बांगड्या उंबऱ्यावर ठेवून बाजूला उभा राहायचा आणि आई आपल्याच हातानं, साबण लावून, त्या चढवायची. एखादी पिचकायची. शेजारच्या आळीतल्या बायकांचे हात मात्र तो आपल्या मांडीवर घेऊन, गप्पा मारत, हलक्या हातानं भरायचा. करुणा कुंपणाच्या फटीतून बघायची. तिला बांगड्यांचा हेवा नव्हता. त्या हातांचा होता. आणि एसटीत बसलं की शेजारची बाई विचारणार, कोणाची गं तू? सांगितलं की ती बाई पदर आवरून खिडकीकडे सरकणार, बोलणं मात्र तसंच गोड चालू ठेवणार. लग्न होऊन ती शहरात आली, मध्यवर्ती स्टँडवर उतरून शहर बसमध्ये बसली, शेजारच्या बाईनं झोपेत तिच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि दिल्ली गेटपर्यंत ते तसंच राहिलं. नवऱ्यावर तिचा जीव हळूहळू बसला, या शहरावर पहिल्याच दिवशी.

म्हणून तिनं हे शहर जपून वापरलं. दुकानात लागली त्याच वर्षी हर्सूलकडच्या गुंठेवारीत घर घेतलं, तेव्हा दारावरच्या पाटीवर फक्त नवऱ्याचं आणि सासऱ्यांचं नाव, ‘राजकुमार अप्पाराव’, असं लिहून घेतलं. राजकुमार म्हणाला होता, ‘आडनाव राहिलं की.’ ती म्हणाली, ‘मावत नाही.’ पाटी चांगली हातभर लांब होती. राजकुमारनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि विषय सोडला. तो वाळूजच्या कंपनीत पाळीवर जाणारा माणूस, घरी झोपायला येणारा, दारावर काय आहे हे त्याला दिसायचंही क्वचित. बाबासाहेबांचा फोटो तिनं आतल्या खोलीत लावला. त्यांच्याबद्दल तिला काही कमी वाटत होतं असं नाही. सकाळी त्यांच्याकडे बघितल्याशिवाय ती बाहेर पडत नसे. पण बाहेरच्या खोलीत धबधब्याचं चित्र होतं, कारण धबधब्याला बघून कुणी काही ओळखत नाही. शेजारी सुरेखा राहायची. गोरीगोमटी, मोठ्यानं हसणारी, भिंतीवरून ‘झाला का स्वयंपाक’ म्हणणारी. करुणाला ती फार आवडायची. कितीदा तरी तिनं पुरणपोळीची, धपाट्यांची ताटली भरून घेतली, वर रुमाल टाकला आणि पुन्हा ओट्यावर ठेवून दिली. ताटली तशीच परत आली तर? किंवा ‘आज उपास आहे हो’ असं गोड बोलून आली तर? मग ते पुन्हा न ऐकल्यासारखं करता येणार नव्हतं. त्यापेक्षा न दिलेली बरी. दार लोटून घ्यायचं, भिंतीवरून हसायचं, आत जायचं. ती म्हणत असे, माणूस माणसाला त्रास देत नाही म्हणून तर शहर चांगलं.

आणि मग चार महिन्यांपूर्वी देवगाव रंगारीहून मनकर्णाबाई आल्या. अप्पाराव गेल्यापासून त्या तिथे एकट्याच होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, हातात एक गाठोडं, बरोबर पितळी तपकिरीची डबी. आल्या आल्याच त्यांनी सांगून टाकलं, ‘डोळ्याचं झालं, चष्मा आला, की मला देवगावला नेऊन सोडा. मला हितं करमायचं नाय.’ करुणाला बरं वाटलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात त्यांना आत कोंदटायला लागलं आणि त्या ओट्यावर येऊन बसल्या. दिसत काहीच नव्हतं. त्यामुळे पाऊल वाजलं की त्या विचारायच्या, ‘कोण ए?’ दूधवाला थांबून नाव सांगायचा. शिकवणीच्या पोरी सांगायच्या. ‘कोणाची गं तू?’ म्हणायच्या, आणि उत्तर आलं की हात लांब करून पोरीचा चेहरा चाचपायच्या, गालावरून बोटं फिरवायच्या. मग आपलं सांगायच्या. मी मनकर्णा. देवगाव रंगारीची. बौद्धवाड्यातली. आमच्या मालकांनी जन्मभर दुसऱ्याच्या विहिरी खांदल्या. पोरगा कंपनीत हाय, सून चष्म्याच्या दुकानात. सगळं एका दमात, कुणी विचारो न विचारो. करुणानं स्वयंपाकघरातून ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. जो प्रश्न चुकवायला तिनं अख्खं आयुष्य एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी ठेवलं होतं, तोच प्रश्न तिची सासू तिच्याच ओट्यावर बसून अख्ख्या गल्लीला विचारत होती.

आणि काही झालं नाही. ती वाट बघत होती. उद्या सुरेखाचं हसणं बारीक होईल, परवा दूधवाला पिशवी फाटकावर अडकवून जाईल. तसं झालं असतं तर तिला एक प्रकारचं समाधान तरी मिळालं असतं, मी म्हणत नव्हते का, असं. उलट ओट्यावर माणसं वाढली. सुरेखा संध्याकाळी परात घेऊन तिथेच मेथी निवडायला लागली. बाबासाहेबांचा फोटो मनकर्णाबाईंनी स्वतः चाचपडत बाहेरच्या खोलीत नेला आणि धबधबा कपाटामागे गेला. ‘त्यांना आत कशाला कोंडलंस, हवा लागू दे,’ एवढंच म्हणाल्या. नववीतली लेक श्रेया शाळेतून आली की दप्तर टाकून आधी आजीकडे पळायची. करुणाकडे ती फक्त टिफिन द्यायला यायची. करुणा खिडकीच्या जाळीआडून बघायची आणि आतून जळायची. हो, जळायची, दुसरा शब्द नाही. सासूचा हेवा करावा असं तिच्याकडे होतं काय? दोन लुगडी, एक डबी आणि बंद डोळे. पण करुणानं बारा वर्षं श्वास धरून, पाय न वाजवता जे शहर मिळवलं, ते त्या म्हातारीनं बसल्या जागेवरून, डोळे मिटून, एका संध्याकाळी घेऊन टाकलं. करुणाला रात्री अंथरुणात वाटायचं की माझ्या घरी चोरी झाली आहे आणि चोर रोज सकाळी मलाच चहा मागतो. मग स्वतःची लाज वाटायची. लाज वाटली की राग वाढायचा.

त्या दिवशी तिच्या पर्समध्ये मनकर्णाबाईंचा चष्मा होता. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं होतं, पण चष्म्याशिवाय अजून सगळं धूसरच होतं, डॉक्टरांनी नंबर दिला होता, आणि काचा सकाळीच तयार होऊन आल्या होत्या. तिनं स्वतः निवडलेली फ्रेम, हलकी, तपकिरी, नाकावर वळ न उठवणारी. तिनं ती इतक्या मनापासून निवडली होती की दुकानातल्या मोनिकानं विचारलं होतं, ‘आईसाठी का, दीदी?’ चष्मा आला की त्या जाणार. रविवारी राजकुमारला सुट्टी आहे, सकाळच्या गाडीनं सोडून येईल. दुपारपर्यंत ओटा रिकामा. रिक्षात बसल्यावर करुणानं पर्सवर हात ठेवला आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. पण शेजारी बसलेली बाई तिच्याकडे बघून ओळखीचं हसली आणि तिला वच्छलाबाई आठवल्या. समदं सांगितलंय. दिल्ली गेट गेलं, हर्सूलचा रस्ता लागला. तिला वाटलं, रिक्षातले सगळेच मला ओळखतात. सासू गेली तरी तिनं सांगितलेलं मागे राहणार. मग तिला पाठवून मिळवायचं काय? रिकामा ओटा. आणि तिच्या ध्यानात आलं की रिकामा ओटा हवाच आहे असंही आता धड वाटत नाही.

कॉलनीत पाण्याचा दिवस होता. नळ आला की एरवी एकच धांदल असायची. पुढची घरं मोटारी लावायची, लाइन ओढून घ्यायची आणि शेवटच्या घरांत नळ नुसता फुसफुसायचा. करुणासुद्धा दार लावून, कुणी बघायच्या आत आपली टाकी भरून घ्यायची. गेल्या दोन महिन्यांपासून ओट्यावरून हुकूम सुटत होते. ‘आधी मागल्या गल्लीचं शेवटचं घर. वच्छलाबाईचं भरू द्या. मंग मोटारी लावा.’ आणि लोक ऐकत होते, कदाचित म्हातारीला दिसत नाही म्हणून तिला फसवणं बरं वाटत नव्हतं. करुणा फाटकाशी पोचली तेव्हा गल्लीभर नळ्या पसरलेल्या होत्या. मनकर्णाबाई पायरीवर बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी सुरेखा. दोघींच्या मध्ये एक ताटली. भाकरी, ठेचा. सुरेखा त्या ताटलीतला तुकडा मोडून खात होती, आणि तिखट लागलं म्हणून डोळ्यांतून पाणी काढत हसत होती.

करुणा तिथेच उभी राहिली. बारा वर्षं रुमालाखाली झाकून परत ठेवलेल्या सगळ्या ताटल्या तिला आठवल्या. तिनं जरा तुटकच विचारलं, ‘काय काय सांगितलंय हो यांनी तुम्हाला?’

‘काय सांगणार, गावाकडचं,’ सुरेखा म्हणाली.

‘आमचं. कोण आहोत ते.’

सुरेखा खाता खाता थांबली. ‘ते होय. ते तर पहिल्या वर्षापासूनच ठाऊक होतं की.’

‘कसं?’

‘पाटीवर आडनाव नाही म्हटल्यावर कळतंच ना, वहिनी,’ सुरेखा म्हणाली, अगदी साधेपणानं, दूध नासलं की वासावरून कळतं तसं. ‘इथं सगळ्यांच्या पाटीवर आधी आडनाव, मग माणूस. नसलं की डोळ्यात भरतं. पण तुम्ही दार लावून घ्यायच्या. मला वाटायचं, नोकरीवाली बाई, आपल्याशी काय बोलणार.’ मग तिनं नजर खाली घेतली. ‘माझ्या सासूबाई होत्या तेव्हा. त्या असत्या तर मीसुद्धा असं बसले नसते. खोटं कशाला बोलू.’

करुणानं त्या पाटीकडे बघितलं. राजकुमार अप्पाराव, आणि पुढे वीतभर कोरी जागा. ती बारा वर्षं त्या कोऱ्या जागेमागे लपून उभी होती आणि रस्त्यावरून जाणारा प्रत्येक जण ती जागा वाचून पुढे जात होता. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटला संताप. सुरेखावर, कारण ती इतकं सहज बोलली. म्हातारीवर, कारण तिला काहीच माहीत नसताना सगळं बरोबर जमलं. आणि वाया गेलेल्या ताटल्यांवर. एवढ्यात कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या बाई बादली घेऊन आल्या, ओट्याजवळच्या नळीखाली त्यांनी ती धरली. मनकर्णाबाईंनी आवाजावरून ओळखलं. ‘चहा घ्या की, बाई.’ बंगल्यातल्या बाई म्हणाल्या, ‘नको, आत्ताच झाला.’ भरली बादली घेऊन, काठ सांभाळत, निघून गेल्या.

आत गेल्यावर मनकर्णाबाई खाटेवर टेकल्या आणि आपणहून म्हणाल्या, ‘ती कोपऱ्यावरची माझ्या हातचा चहा घेत नाय. दर बारीला आत्ताच झालेला असतो तिचा. मला काय कळत नाय व्हय?’

‘मग विचारता कशाला?’ करुणा फणकारली.

‘मी इचारायचं सोडलं तर तिचं सोपं हुईल. रोज नाय म्हणू दे तिला.’ त्यांनी डबी उघडली, चिमूट घेतली, नाकाला लावली. ‘आन् हे बघ. गावात नाय म्हणलं तर अख्खं गाव नाय म्हणतं. हितं ती एक बाई हाय. तिच्या पल्याड दुसरं घर हाय, त्याच्या पल्याड तिसरं. ह्याला तर शहर म्हणायचं. तू त्या एका बाईला भिऊन समदीच दारं लावून बसलीस.’

करुणाला वाटत होतं की हे वाक्य आपल्याला सुचायला हवं होतं, आपण इथे इतकी वर्षं राहिलो, पोटभर शहर बघितलं, तरी हे या बाईला सुचलं, जिला दिल्ली गेट कुठे आहे हेही ठाऊक नाही. या क्षणीसुद्धा हेवाच. तिला स्वतःचं हसू आलं आणि मग ती उठून पर्समधली डबी घेऊन आली. ‘चष्मा आलाय.’

मनकर्णाबाईंनी मान पुढे केली, दुकानात सगळेच करतात तशी. डोळे मिटले. करुणानं काड्या उलगडल्या आणि तिचे हात मध्येच अडले. हजारो कान झाले होते तिच्या बोटांखालून, पण या बाईच्या चेहऱ्याला तिनं लग्न झाल्यापासून कधी हात लावला नव्हता. पाया पडली होती, औषधाचे थेंब घालायला तिनं राजकुमारला किंवा श्रेयाला पुढे केलं होतं. कानांच्या पाळ्या ओघळलेल्या होत्या, जुन्या भोकांना दागिना नव्हता, कातडी पातळ आणि गरम. तिनं केसांची बट बाजूला केली, काडी बसवली, नाकावरचा भार बघितला. कुठेच काचत नव्हता. मनकर्णाबाईंनी डोळे उघडले. आधी भिंतीवरच्या बाबासाहेबांकडे बघून हात जोडले. मग तिच्याकडे बघितलं, बराच वेळ.

‘तू लई वाळलीस गं,’ त्या म्हणाल्या. ‘मला वाटायचं, सुखात हायेस.’

मनकर्णाबाईंनी मग आपल्या हातावरच्या रेषा बघितल्या, लुगड्याचा काठ बघितला आणि उशाशी ठेवलेलं गाठोडं पुढे ओढलं. ‘लख्ख दिसतंय. बरं झालं. मंग राजूला सांग, रविवारी मला देवगावला सोडून येऊ दे. ठरलंय तसं.’ आवाजात काही नव्हतं. पण गाठोड्याची गाठ सोडताना त्यांची बोटं नको तितका वेळ घेत होती, दिसत असूनही. बाहेरून सुरेखानं हाक मारली, ‘आजी, आला का चष्मा? आता जाणार का हो तुम्ही?’ गल्लीतलं बोलणं थांबलं. नळीतून पाणी पडत होतं तेवढाच आवाज.

करुणाला रिकामा ओटा दिसला. दार लोटून घेतलेलं, भिंतीवरून हसणारी ती, आणि खरंच कुणालाच काही न विचारणारं शहर. ती पुढे झाली, तिनं सासूच्या नाकावरून चष्मा अलगद उचलला, खिडकीकडे धरून बघितला. काच स्वच्छ होती. नंबर शंभर टक्के बरोबर होता, तो तिनं स्वतः दोनदा तपासला होता.

‘नंबर चुकलाय,’ ती म्हणाली.

‘मला तर दिसतंय की.’

‘चुकलाय म्हणते ना. परत टाकावा लागेल. दुकानात लई काम आहे सध्या, वेळ लागेल.’

मनकर्णाबाई उघड्या, रिकाम्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिल्या. मग गाठोड्याची अर्धी सोडलेली गाठ त्यांनी पुन्हा बांधली. ‘मला बी जरा अंधुकच वाटलं,’ त्या म्हणाल्या, आणि भिंत धरून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

करुणानं चष्मा डबीत ठेवला, डबी कपाटात. हात धुतले. सकाळचे धपाटे होते, ते ताटलीत काढले. वर रुमाल टाकायला घेतला आणि टाकला नाही. बाहेर अंधारून आलं होतं, बायका आपापल्या नळ्या गुंडाळत बोलत होत्या आणि मनकर्णाबाई काहीतरी सांगत होत्या, सगळ्या त्यांच्याकडेच बघत होत्या, नेहमीसारखं. पोटात ते जुनं जळणं होतंच. ते काही एका संध्याकाळी जाणार नव्हतं. तिचं पाऊल उंबऱ्यावर वाजलं तशी मनकर्णाबाईंनी मान न वळवताच विचारलं, ‘कोण ए?’

‘मी,’ ती म्हणाली. गल्लीतल्या बायकांनी वर बघितलं. ‘करुणा. करुणा राजकुमार हिवराळे.’

‘ये,’ मनकर्णाबाई म्हणाल्या आणि पायरीवर थोड्या सरकल्या. तिनं ताटली सुरेखासमोर ठेवली.